तिप्पट दंड

“उदय, दीड मिनिट राहिलंय आणि तू छताकडं काय बघायलास? जॅक्सनव्हिल तुझ्या गळ्यात हाय!” संग्राम ओरडला.

मी छताकडे बघत नव्हतो. कुठेच बघत नव्हतो. पण तसं सांगता आलं नसतं, म्हणून आठवलं ते पहिलं नाव कार्डावर लिहिलं आणि वॉल्टच्या हातात दिलं. वॉल्टने पितळी घंटा वाजवली. मृण्मयी, म्हणजे माझी बायको, तळघराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, घसा साफ केला आणि बक्षीस समारंभाच्या थाटात वाचलं, “जॅक्सनव्हिलच्या संघाची निवड, केंडल मॅडिगन, पुढची फळी!”

“मॅडिगन?” संग्रामने कपाळावर हात मारला. “अरं, जॅक्सनव्हिलकडं तसले तीन बैल आधीच हायत. चौथा कशाला, नांगराला?”

“घंटा झाली,” वॉल्ट म्हणाला. “बदल नाही.”

हा आमचा नियम होता. कार्ड दिल्यावरही घंटा होईपर्यंत नाव बदलता यायचं. घंटा झाली की विषय संपला.

हे सगळं काय चाललं होतं ते सांगतो. आम्ही तेव्हा अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहराबाहेर राहत होतो. तिथला फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि हाताने व खांद्याने जास्त खेळायचा खेळ. दर एप्रिलमध्ये तिथले बत्तीस व्यावसायिक संघ कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू वाटून घेतात. गेल्या वर्षी जो संघ सगळ्यात जास्त मार खाऊन आला त्याला पहिला मान, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. याला ते लोक ड्राफ्ट म्हणतात आणि एखाद्या सणासारखा टीव्हीवर बघतात. खरा ड्राफ्ट गुरुवारी असायचा. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौघं आमच्या तळघरात लुटुपुटीचा ड्राफ्ट करायचो. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला आठ संघ. एका निवडीला पाच मिनिटं. मग गुरुवारी कोणाच्या किती निवडी खऱ्या ठरल्या ते मोजायचं आणि जिंकणाऱ्याने वर्षभर बाकीच्यांचं डोकं खायचं.

वॉल्ट आमचा शेजारी. पंचाहत्तरीचा, शाळेच्या संघाचा निवृत्त प्रशिक्षक. हा खेळ आम्हाला त्याने शिकवला. संग्राम त्याला तोंडावर वॉल्टअण्णा म्हणायचा आणि वॉल्ट त्याला ओ द्यायचा. आम्ही खेळाडूंवरून इंग्रजीत भांडायचो आणि एकमेकांची अक्कल मराठीत काढायचो.

संग्राम मगदूम कोल्हापूरचा. सात वर्षांपूर्वी आम्ही एकाच आठवड्यात कोलंबसला उतरलो, एकाच खोलीत चार महिने राहिलो आणि एकाच कंपनीत एकाच विभागात कामाला लागलो. पुढे मी त्या विभागाचा मॅनेजर झालो. तो झाला नाही. याचं त्याला काही वाटलं नाही. ऑफिसात तो मला सगळ्यांसमोर ‘साहेब’ म्हणायचा आणि मी वैतागलो की खूश व्हायचा.

आणि त्या शनिवारी, तो माझ्या सोफ्यावर बसून जॅक्सनव्हिलच्या बैलांवरून माझी खेचत होता तेव्हा, त्याची नोकरी मी आदल्या संध्याकाळी घालवलेली होती.

मंदीचं वर्ष होतं. शुक्रवारी दुपारी माझी वरिष्ठ कॅरोल हिने मला बोलावून सांगितलं, प्रत्येक विभागातून एक माणूस कमी करायचा आहे. तुझ्या नऊ जणांची क्रमवारी लाव, शेवटचं नाव जाईल. “आकडे दे,” ती म्हणाली. “मतं देऊ नकोस. मतांवरून कोर्टात जातात लोक.” शिवाय एक सवलत दिली. सोमवारी सकाळी नऊपर्यंत काही बदलायचं असलं तर तिला मोबाइलवर फोन करायचा. नऊनंतर नावं वर जाणार.

मला याद्या करायला आवडतात. लग्नाआधी मी मृण्मयीलाही एक यादी करून दाखवली होती, ते ती अजून लोकांना सांगते. लुटुपुटीच्या ड्राफ्टसाठी शंभर खेळाडूंची क्रमवारी लावणारा तक्ता मीच बनवला होता. वेग, ताकद, खेळाची समज, प्रत्येकाला दहापैकी गुण. त्यातून दुखापतीमुळे हुकलेल्या सामन्यांचे गुण वजा. नावं आणि गुण भरले की तक्ता आपोआप वरपासून खालपर्यंत रांग लावायचा. शुक्रवारी संध्याकाळी माझ्यासमोर दोन तास होते आणि तो तक्ता होता. मी त्याची प्रत काढली. खेळाडूंच्या जागी माझी नऊ माणसं घातली. वेगाच्या जागी कामाचा वेग, ताकदीच्या जागी तांत्रिक कौशल्य, समज तशीच ठेवली. हुकलेल्या सामन्यांच्या जागी, वर्षात कामावर नसलेले आठवडे.

संग्राम शेवटचा आला.

तो सहा आठवडे कामावर नव्हता. डिसेंबरात त्याची बायको स्वप्नाली सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगी नऊशे ग्रॅमची. ती अडीच महिने काचेच्या पेटीत होती. ही रजा मीच मंजूर केली होती. अशी रजा माणसाच्या विरुद्ध मोजायची नसते, हेही मला माहीत होतं. पण त्या रकान्याला मी ‘उपलब्धता’ असं नाव दिलं होतं आणि त्या नावाखाली ते वाईट दिसत नव्हतं. मी तक्त्याकडे पाच मिनिटं बघत बसलो. अपेक्षा होती, काहीतरी वाटेल. काही झालं नाही. आकडे आकड्यांसारखे होते. मी तो पाठवला, दिवा बंद केला आणि वाटेत दूध घेऊन घरी आलो.

“साहेब, चहा हाय का नुसतंच हरायचं आज?” संग्रामने विचारलं.

“करते,” मृण्मयी म्हणाली. “स्वप्नालीला पण बोलवायचं होतं की. सईला आणलं असतं तर आम्ही सांभाळलं असतं.”

“नळकांडं घेऊन कुठं हिंडायचं वहिनी? ऑक्सिजन अजून दीड महिना तरी हाय म्हणालेत. आणि ते मॉनिटर. जरा नळी हलली की बोंबलतंय.” त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघत होता. “पण वजन वाढलंय. साडेतीन किलो! डॉक्टर म्हणाला, ऑगस्टापर्यंत फुफ्फुसं बरोबरीला येतील. तोवर दर आठवड्याला दाखवायचं. एका खेपेचं बिल बघितलं आणि माझं मलाच ऑक्सिजन लावायची पाळी आली. नशीब, कंपनीचा विमा हाय.”

“देवाची कृपा,” मृण्मयी म्हणाली.

“कंपनीची,” संग्राम म्हणाला. “देवाला विमा देता आला असता तर काय पायजे होतं?”

सगळे हसले. मीही हसलो असेन, कारण कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्याची नोकरी गेली की विमा जाणार होता आणि व्हिसा जाणार होता, हे मला शुक्रवारीही माहीत होतं. नव्याने काहीच कळलं नव्हतं. मी पुढचं कार्ड उचललं.

आठवी निवड झाली. नववी क्लीव्हलँडची, म्हणजे आमच्या राज्याच्या संघाची, आणि चिठ्ठीत तो संघ संग्रामला आला होता. तीन वर्षं तो या चिठ्ठीची वाट बघत होता. तो उठून टीव्हीजवळ गेला. माझा तक्ता मी घरच्या लॅपटॉपवरून टीव्हीच्या पडद्यावर लावला होता.

“मला बूकर पायजे,” तो म्हणाला. “टायरेल बूकर. पण तो यादीत कुठं दिसंना.”

“खाली आहे,” मी म्हणालो. “एक्केचाळिसावा.”

“एक्केचाळीस? अरं, त्या पोराचे मी सगळे सामने बघितलेत. लहान कॉलेज, कुणी विचारत न्हाई, पण पळतंय कसलं! वॉल्टअण्णा, तुम्ही सांगा.”

“पहिल्या दहात,” वॉल्ट म्हणाला. “खांद्याचं हाड मोडलं होतं, सहा सामने गेले. पण हाड जुळलं. हाड जुळलं की तो विषय संपतो.”

“ऐकलंस? मग एक्केचाळीस कसा?” संग्रामने माझ्याकडे हात पुढे केला. “माउस दे.”

मी दिला. तो कामात तसा होता, चूक दिसली की तिचं मूळ सापडेपर्यंत जेवायचा नाही. त्याने बूकरचे गुण बघितले, बोटावर बेरीज केली, मान हलवली. मग तक्ता उजवीकडे सरकवत नेला, रिकामे रकाने ओलांडून पार टोकाला. तिथे एका कोपऱ्यात एकच आकडा होता. तीन.

“हे काय हाय?”

मी आकड्याकडे बघितलं. मला ओळख पटेना.

“हुकलेल्या सामन्यांना हा गुणतोय,” संग्राम म्हणाला. “एक सामना हुकला की एक गुण जायला पायजे, हितं तीन जायलेत. सहा सामन्यांचे अठरा! कुठल्या गाढवानं घातलाय हा?”

मृण्मयी जिन्यावर बसली होती ती हसायला लागली. इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. “अरे, तो तुझाच दंड आहे! विसरलास? दोन वर्षांपूर्वी तू आठच्या आठ पोरं लंगडी निवडली होतीस. एकाचा गुडघा, एकाचा घोटा, एकाचं काय ते...”

“मांडी,” वॉल्टने पुरवलं. मराठी त्याला कळत नव्हती, पण मृण्मयी स्वतःच्या गुडघ्यावर, घोट्यावर हात मारून दाखवत होती.

“मांडी! तेव्हा उदय म्हणाला, संग्रामला मोडकी माणसं फार आवडतात, याच्यासाठी तिप्पट दंड ठेवू. त्या वर्षी आपण सगळ्यांनी तो ठेवला आणि तुझी सगळी पोरं यादीत पार तळाला गेली. काढायचं राहिलंच वाटतं ते.”

“आयला, माझ्याच नावाचा दंड!” संग्रामही हसायला लागला. “आणि दोन वर्षं बसलाय हितं गुपचूप. साहेब, लई खालच्या पातळीचं राजकारण करता तुम्ही.”

त्याने तीन खोडून एक लिहिला. पडद्यावर नावं खालीवर सरकली आणि टायरेल बूकर नवव्या जागेवर जाऊन थांबला. संग्रामने दोन्ही हात वर केले.

“मी चहाचं बघतो,” मी म्हणालो आणि जिना चढून वर आलो.

ऑफिसचा लॅपटॉप झोपायच्या खोलीत होता. मी दार लोटून घेतलं आणि शुक्रवारचा तक्ता उघडला. उजवीकडे सरकवत गेलो. टोकाला तीन होता. मी शुक्रवारी रकान्यांची नावं बदलली होती, माणसं बदलली होती, पण त्या कोपऱ्यापर्यंत गेलोच नव्हतो.

तीनच्या जागी एक लिहिला. संग्राम शेवटून उठला आणि वर चौथ्या जागी जाऊन बसला. शेवटी ग्रेग आला. ग्रेगबद्दल कोणालाच नवल वाटलं नसतं. कामात चालढकल करायचा, दोन गिऱ्हाइकांनी त्याच्याबद्दल लेखी तक्रार केली होती. तो इथलाच नागरिक होता, त्याची बायको नर्स होती, तिच्या नोकरीवर त्यांचा विमा होता. त्याला वाईट वाटलं असतं, पण कोणाच्या नाकातली नळी निघाली नसती.

म्हणजे करायचं काहीच अवघड नव्हतं. एक फोन करायचा. कॅरोलचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तिनेच कर म्हणून सांगितलं होतं.

मी नंबर काढला. मग ती काय विचारेल ते मनात आलं. चूक कशी झाली? सूत्रात एक आकडा चुकला. कुठून आला तो आकडा? आणि मला दिसलं की याचं खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागेल, नऊ माणसांची नोकरी मी फुटबॉलच्या तक्त्यात घालून ठरवली आणि त्यात मित्राची थट्टा म्हणून घातलेला एक आकडा शिल्लक होता. त्यापाठोपाठ तिने रकाना बघितला असता आणि विचारलं असतं, ही उपलब्धता म्हणजे काय रे? ही बाळंतपणाची रजा का?

त्या क्षणी मला लाज वाटली. खरी लाज, कानशिलं तापवणारी. ती अर्ध्या मिनिटात गेली आणि मग पुन्हा काही वाटेनासं झालं. उद्या करू, असं ठरवलं. शनिवारी दुपारी कोणाला ऑफिसचा फोन करतं का? खोटं तर खोटं, पण काहीतरी कारण देता येईल, रात्रभरात सुचेल. खाली घंटा वाजली. मी चहा न करताच उतरलो.

“बूकर घेतला!” संग्राम म्हणाला. “क्लीव्हलँडचं भाग्य उजळलं. चहा कुठाय?”

“पाणी उकळतंय,” मी म्हणालो.

संध्याकाळी साडेपाचला बत्तिसावी निवड झाली. मृण्मयीने स्वप्नालीसाठी मऊ भात आणि मेथीची भाजी डब्यात भरून दिली. संग्राम डबा घेऊन निघताना दारात थांबला.

“सोमवारी तो बँकेचा अहवाल तुला देतो,” तो म्हणाला. “रजेत मागं पडलं होतं ते सगळं आता झालंय बघ. मनाला लागून राहिलं होतं. तू सांभाळून घेतलंस म्हणून.”

“त्यात काय,” मी म्हणालो.

रविवारी सकाळी कॅरोल चर्चमध्ये असणार, म्हणून फोन केला नाही. दुपारी ती नातवंडांत असणार. संध्याकाळी मी गवत कापलं. शेजारच्या वॉल्टचंही कापलं. मृण्मयीने विचारलं, “तुला काय झालंय?” मी म्हणालो, “कुठे काय?” तिने पुन्हा विचारलं नाही. तिने आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी मूग गिळून बसलो असतो.

सोमवारी आठ वाजून वीस मिनिटांनी मी ऑफिसच्या आवारात गाडी लावली आणि आतच बसलो. फोन मांडीवर होता. कारणही तयार होतं. म्हणणार होतो, दोन ओळींची अदलाबदल झाली, माफ कर. साधं होतं, पटण्यासारखं होतं. साडेआठ झाले. लोक गाड्या लावून आत जात होते. पावणेनऊला संग्राम आला. काखेत कागदांची फाइल, दुसऱ्या हातात आमचा रिकामा डबा. त्याने माझी गाडी ओळखली, मला आत बसलेलं पाहिलं आणि फोनकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, बोलतोयस? मी होकाराची मान हलवली. त्याने डबा उंच करून दाखवला, आत ठेवतो म्हणून खूण केली आणि गेला.

मी घड्याळाकडे बघत राहिलो. कोणी मला धरून ठेवलं नव्हतं. भीती म्हणावी तर तीही वाटत नव्हती. मी फक्त बसलो होतो. नऊ वाजले. नऊ वाजून चार मिनिटं झाली तेव्हा मी फोन खिशात टाकला आणि गाडीचं दार उघडलं. अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही सगळ्यात जास्त किळस येते.

लिफ्टपाशी कॅरोल भेटली. “तुझे आकडे सगळ्यांत स्वच्छ होते,” ती म्हणाली. “धन्यवाद.”

“काही नाही त्यात,” मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी दहाला संग्रामला बोलावलं. त्याचा मॅनेजर म्हणून मला खोलीत बसावं लागलं. कॅरोल एका कागदावरून वाचून बोलली. तिचं संपल्यावर संग्रामने एकच प्रश्न विचारला, विमा किती दिवस राहील. तिने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत. तेवीस तारीख होती. त्याने बोटांवर दिवस मोजले, बूकरचे गुण मोजले होते तसेच, आणि “ओके” म्हणाला.

मला वाटलं होतं, तो त्या संध्याकाळी येणार नाही. पण मृण्मयीने स्वप्नालीला फोन केला होता, घरी एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा इकडे या, आणि ते तिघंही आले. सईला मी तेव्हा पहिल्यांदाच आमच्या घरात पाहिलं. इवलीशी, नाकाला पारदर्शक नळी, गालावर ती नळी चिकटवायची पट्टी, पट्टीवर छोटं बदकाचं चित्र. संग्रामने ऑक्सिजनचं नळकांडं सोफ्याशेजारी उभं केलं आणि कोणाचा पाय लागू नये म्हणून स्वतः त्याला टेकून खाली बसला.

खरा ड्राफ्ट सुरू झाला. वॉल्टही आला होता, पण त्याने घंटा आणली नव्हती. पहिल्या आठ निवडी झाल्या. नववीला टीव्हीवरचा माणूस पुढे आला आणि म्हणाला, क्लीव्हलँड, टायरेल बूकर. पडद्यावर एक काळा, सडपातळ पोरगा उठला आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागला. त्याची आईही रडत होती.

आम्ही सगळ्यांनी संग्रामकडे बघितलं.

“बरोबर घेतला,” तो म्हणाला आणि सईच्या पायातला मोजा वर ओढला.

नऊ वाजायच्या आत ते निघाले. स्वप्नाली बाळाला घेऊन गाडीत मागे बसली. मृण्मयी आणि वॉल्ट आत होते. संग्राम नळकांडं ठेवून, पट्टा आवळून माझ्याकडे परत आला. आम्ही दोघं गाडीपासून दहा पावलांवर, गवताच्या कडेला उभे राहिलो.

“कोल्हापूरला माझा मामेभाऊ हाय, त्याच्या ओळखीनं तिथला डॉक्टर बघतो,” तो म्हणाला. “पण एवढ्या लांबच्या विमानात ऑक्सिजन न्यायचा म्हणजे विमान कंपनीची परवानगी लागती म्हणं. बघू. करतात लोक.”

“माझ्याकडून काही...”

“लागलं तर सांगीन की. तुला न्हाई तर कुणाला सांगायचं?” तो जरा जवळ सरकला. “उदय, एक विचारू? यादी वरनं आली असणार, मला कळतंय. तुला काय सांगता यायचं न्हाई, तेबी कळतंय. नावं इचारत न्हाई मी. फक्त एवढंच सांग. ही यादी ठरली त्या खोलीत कुणीतरी बोललं का माझ्या बाजूनं? तू बोललास का?”

आता सांगायचं म्हटलं तर अकरा वर्षं झाली. सई बरी आहे. तिला जरा दम लागतो, पण शाळेच्या खो-खोत खेळते. दिवाळीला संग्रामचा फोन येतो, तो माझ्या मुलांची चौकशी करतो, मी सईची करतो. ती बरी झाली यात माझं काही नाही. तिच्या बापाने शेत विकलं, वर्षभर रोज तिला घेऊन दवाखान्यात चकरा मारल्या. आणि तो प्रश्न मला दर वेळी फोन ठेवल्यावर ऐकू येतो. त्याने मला शेवटची संधी दिली होती, घंटा झाल्यानंतरची. मी तेव्हाही सगळं सांगू शकलो असतो. त्याने मला मारलं असतं, आणि मला ते हवंच होतं असं वाटतं. पण तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा काहीच वाटलं नाही.

“बोललो,” मी म्हणालो. “खूप बोललो. ऐकलं नाही त्यांनी.”

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे एकदा हलले. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझा दंड घट्ट धरला.

“मग झालं,” तो म्हणाला. “मला तेवढंच पायजे होतं बघ. स्वप्नाली सकाळपासनं म्हणायलीय, आपलं हितं कुणीच न्हाई. तिला सांगतो.”

तो जाऊन गाडीत बसला. दिवा लागला, तो मागे वळून तिच्याशी काही बोलला. मग गाडी सुरू झाली आणि हळूहळू माझ्यासमोरून जाताना थांबली. मागची काच खाली आली. स्वप्नालीने सईला एका हातावरून मांडीवर निजवलं, दोन्ही हात मोकळे केले आणि मला नमस्कार केला.

मीही हात जोडले.